दुरुस्तीला दिलेली गाडी

श्यामकांत तांबवेकर हा माणूस आयुष्यात कधी कोणाच्या नजरेत भरला नव्हता. कलकत्त्यात येऊन त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती. दमदमला, नागेरबाजारच्या बाजूला, एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता आणि तरीही सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी त्याच्यापाशी आले की नाव आठवायला क्षणभर थांबत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. डलहौसीतल्या एका खासगी कंपनीत तो हिशेबाचं काम बघायचा, मेट्रोने जायचा, मेट्रोने यायचा, भाजी स्वतः आणायचा, आणि लोक जोरात बोलायला लागले की हळूच पंख्याखालच्या कोपऱ्यात सरकायचा. अशा माणसाने निवृत्तीच्या तोंडावर एकदम मोठी, गडद निळी, बघत राहावं अशी गाडी घेतली. त्या दिवशी लोकांना श्यामकांत तांबवेकर पहिल्यांदा दिसला.

गाडी का घेतली, याचं कारण अगदी साधं होतं आणि ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. त्याचे वडील कऱ्हाडला एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्याची गाडी चालवली, पुसली, जपली. खंडेनवमीला तिला हार घालून, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजाही करत, पण मागच्या सीटवर एकदाही बसले नाहीत. श्यामकांतला मागे बसायची हौस नव्हती. त्याला फक्त आपली स्वतःची गाडी सकाळी ओल्या फडक्याने पुसायची होती. पुढे मुलगी आभा शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, हाती थोडं शिल्लक राहिलं आणि त्याने अक्षय्यतृतीयेला गाडी आणली. लीना, त्याची बायको, त्या दिवशी नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसली आणि दक्षिणेश्वरपर्यंत जाऊन येईस्तोवर एक शब्द बोलली नाही, इतकी ती खूश होती.

ते सुख आठवडाभर टिकलं. मग प्रश्न सुरू झाले.

पहिला मान खालच्या मजल्यावरच्या घोषबाबूंनी घेतला. "नोतून गाडी! कोतो पोडलो, दादा?" म्हणजे कितीला पडली. कलकत्त्यात हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही, मासा घेऊन जाणाऱ्यालाही रस्त्यात हाच विचारतात. पण माशाचं उत्तर दिलं की माणूस पुढे जातो. गाडीचं उत्तर दिलं की दुसरा प्रश्न येतो. हप्त्याने की रोख? मुलीने पैसे पाठवले का? जावई परदेशात असतो का? एवढ्या मोठ्या गाडीत दोघंच बसणार? पेट्रोल किती पिते? घोषबाबू विचारून थकले की त्यांच्या मिसेस विचारायच्या, त्या थकल्या की वॉचमन विचारायचा.

आपली मराठी माणसं काही मागे नव्हती. उलट बंगाल्यांनी सरळ विचारलं ते आपल्या लोकांनी वळसा घालून विचारलं. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर कुसुमताईंनी प्रसादाची वाटी त्याच्या हातात देता देता, आवाज अगदी प्रेमळ करून विचारलं, "गावाकडची जमीन-बिमीन काढली का हो, श्यामकांत?" श्यामकांतला गावाकडे जमीन नव्हतीच, तो म्हणाला, "नाही हो." तेवढ्यावर कुसुमताईंची खात्री पटली की काढली. दुसऱ्या कोणी म्हणालं, कंपनीने दिली असेल. तिसरं म्हणालं, हिशेबखात्यात असलं की कंपनीला द्यायला लागत नाही, आपली आपण घेता येते. हे ऐकून चार जण हसले, आणि त्या हसण्यात श्यामकांतलाही हसावं लागलं. आयुष्यात एक पैसा इकडचा तिकडे न केलेला माणूस तो.

लीना घरी आल्यावर म्हणाली, "ज्यांच्या पोटात दुखतं त्यांनी ओवा खावा. तुम्ही का मान खाली घालता?"

पण त्याला ते जमत नव्हतं. काही माणसांना दुसऱ्याचा हेवा गोड लागतो. श्यामकांतला तो उन्हासारखा लागे, सावली शोधावीशी वाटे. सकाळी गाडी पुसायला उतरताना आधी तो गॅलरीतून खाली कोण आहे ते बघे. हळूहळू त्याने पहाटे पुसायला सुरुवात केली. स्वतःच्याच वस्तूशी असं चोरासारखं वागायची पाळी आली.

तरी हे सगळं त्याने सोसलं असतं. सोसवलं नाही ते गुरुदत्तचं.

गुरुदत्त वालावलकर मूळचा कुडाळचा. बँकेत अधिकारी म्हणून बदलीवर इथे आला आणि इथलाच झाला. समोरच्या इमारतीत राहायचा. श्यामकांतपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, निवृत्त झालेला, आवाजाला मोठा, खायला रसिक. दोघांची दोस्ती एका रविवारी बाजारात झाली आणि मग प्रत्येक रविवारी चालू राहिली. दोघं कापडी पिशव्या घेऊन नागेरबाजारच्या बाजारात चालत जायचे. गुरुदत्त मासळीवाल्यांशी तासभर भांडायचा, इलिशला बोटं लावून नाक मुरडायचा आणि "आमच्या सुरमईची सर नाही" म्हणत तोच इलिश विकत घ्यायचा. श्यामकांत तोवर भाजी घेऊन उभा. मग दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर मातीच्या छोट्या भांड्यातला चहा प्यायचे. तिथे श्यामकांत बोलायचा. त्या एका बाकावर बसून त्याने गुरुदत्तला जे सांगितलं ते लीनालाही कधी सांगितलं नव्हतं. परक्या मुलखात आईच्या भाषेत मनातलं बोलायला एक माणूस मिळणं म्हणजे काय, हे ज्याला मिळालं नाही त्यालाच कळतं.

गाडी आल्यावर पहिल्या रविवारी श्यामकांत म्हणाला, "गुरू, चल, आज गाडीने जाऊ."

गुरुदत्त हसला. "नको रे बाबा. मासळीचा वास लागेल तुझ्या गाडीला."

त्याच्या पुढच्या रविवारी त्याचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्या रविवारी त्याच्या बायकोने, विनीतावहिनींनी, आधीच मासे आणले होते. मग तो भेटला की "या महाराज" म्हणू लागला. आधी "अरे श्याम" म्हणायचा. एवढाच काय तो फरक. गाडीबद्दल त्याने एक प्रश्न विचारला नाही. सगळं गाव विचारत होतं, आणि ज्याने विचारावं असं श्यामकांतला वाटत होतं, तो एकटाच गप्प होता. त्याने कधी गाडीत पायही ठेवला नाही.

श्यामकांतला कारण माहीत होतं. गुरुदत्तलाही गाडी घ्यायची होती. पन्नाशीत त्याने हौसेने ड्रायव्हिंग शिकून घेतलं होतं, शोरूमची पत्रकं आणून रंग ठरवले होते. मग मुलगा रोहनचं शिक्षण आलं, बहिणीचं आजारपण आलं आणि गाडी राहून गेली. हे त्यानेच चहा पिता पिता त्या बाकावर सांगितलं होतं. गुरुदत्त मनाने कोता नव्हता. पण आपण ठरवलेल्या रंगाची गाडी रोज सकाळी समोरच्या इमारतीखाली उभी दिसली, तर चांगल्या माणसाच्याही आत कुठेतरी टोचतंच. श्यामकांत रंग घेताना हे विसरून गेला होता. आठवलं तेव्हा नोंदणी होऊन गेली होती.

भाद्रपदात लीना पुण्याला गेली. आभा बाळंत होणार होती. घरात श्यामकांत एकटा उरला, रविवार तर खायला उठायचा, आणि त्या एकटेपणात त्याला एक युक्ती सुचली. साध्या माणसाला युक्ती सुचू नये. त्याला ती निभावता येत नाही आणि सोडवतही नाही.

मागच्या गल्लीत एका जुन्या घराला गॅरेज होतं. घरमालकीण म्हातारी, एकटी, तिच्याकडे गाडी नव्हती. श्यामकांतने ते गॅरेज भाड्याने घेतलं आणि एका पहाटे गाडी तिथे नेऊन लावली, वर कापड घातलं, शटर ओढलं. घोषबाबूंनी विचारलं, "गाडी कोथाय?" तेव्हा तो म्हणाला, गिअरबॉक्स गेला, वर्कशॉपमध्ये दिलीय, पार्ट बाहेरून यायचाय.

आणि काय सांगावं, जग बदललं. घोषबाबूंचा चेहरा फुलला. त्यांनी हातात हात घेऊन हळहळ व्यक्त केली, मोठ्या गाड्या अशाच दगा देतात असं समजावलं, आणि संध्याकाळी मिसेसकडून नारळाच्या वड्या पाठवल्या. कुसुमताईंचा फोन आला, "ऐकलं हो, फार वाईट झालं," आणि त्या खरोखर आनंदाने बोलत होत्या. नाकापेक्षा मोती जड झालेला माणूस पुन्हा आपल्यातला झाला होता. कोणी कितीला पडली विचारेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर मूठ रिकामी आहे म्हटल्यावर लोक प्रेम करायला लागले.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात गुरुदत्त, हातात कापडी पिशवी.

"अरे श्याम, येतोस ना? ऐकलं मी तुझ्या गाडीचं. जाऊ दे रे, लोखंड ते, दुरुस्त होईल."

श्यामकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. पिशवी शोधायच्या निमित्ताने तो आत गेला आणि डोळे पुसून बाहेर आला. त्या दिवशी दोघं बाजारात गेले, गुरुदत्त मासळीवाल्याशी भांडला, बाकावर चहा झाला. आभाला दिवस भरत आलेत, लीना नसली की घर कसं ओसाड वाटतं, वरणात मीठ किती घालायचं हेही विसरायला होतं, असलं सगळं श्यामकांत बोलत राहिला आणि गुरुदत्त ऐकत राहिला. परत येताना गुरुदत्तने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मग पार्ट येईना. दर आठवड्याला गुरुदत्त विचारी, "काय म्हणतो तुझा मेकॅनिक?" आणि श्यामकांत म्हणे, "अजून नाही रे." लीनाला त्याने फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती चिडली. "अहो, आपली गाडी आपण का लपवायची? आणि गुरुभाऊजींपासून? त्यांना कळलं तर त्यांना काय वाटेल? तुम्ही त्यांना जळका समजलात असंच ना?" तो म्हणाला, दसरा होऊ दे, मग आणतो. लीना म्हणाली, आजच आणा. तो "बघतो" म्हणाला, आणि रविवार जवळ आला होता म्हणून त्याने आणली नाही.

विश्वकर्मा पूजेला गल्लीतल्या तोतोवाल्यांनी आपापल्या बॅटरीच्या रिक्षांना माळा घातल्या, मेकॅनिकांनी पाने-हातोड्यांपुढे उदबत्त्या लावल्या, आकाशात पतंग उडाले. इथे यंत्रांची पूजा त्या दिवशी होते. श्यामकांतने ते बघितलं आणि मनात म्हणाला, आपली खंडेनवमीला. वडिलांची ती एक गोष्ट तरी चुकवायची नाही.

नवमीला तो लवकर उठला. सगळीकडे ढाक वाजत होते, चौकाचौकात मंडप, रस्त्यांना बांबूंचे कठडे, रात्रभर ठाकूर, म्हणजे देवीच्या मूर्ती, बघून लोक दमून परतत होते. त्याने अंघोळ केली, झेंडूचा जाड हार, हळदकुंकू, नारळ पिशवीत घातला आणि मागच्या गल्लीत जाऊन शटर अर्धं वर केलं. गाडी पुसली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ वाढवला. कोणी बघायला नव्हतं. त्याला वडील आठवले आणि आपलं हे असं लपून पूजा करणं आठवून लाजही वाटली. शटर ओढून तो घरी आला. चहा ठेवतो तोच विनीतावहिनींचा फोन.

"भाऊजी, जरा येता का? यांच्या छातीत दुखतंय म्हणतात."

तो धावत गेला. गुरुदत्त खुर्चीत बसला होता, एक हात छातीवर. चेहरा थोडा उतरलेला, पण बोलत होता. "काही नाही रे. काल मंडपात जेवलो, अंबल झालंय. हिला घाबरायला निमित्त लागतं." कलकत्त्यात छातीत काहीही झालं की माणूस आधी अंबल म्हणतो. पित्ताची गोळी त्याने आधीच घेतली होती.

"दवाखान्यात दाखवून येऊ," श्यामकांत म्हणाला.

ॲम्ब्युलन्सला वहिनींनी फोन केला होता, ती पूजेच्या गर्दीत अडकली होती. रोहन बंगळुरूला. श्यामकांतने मोबाईलवर टॅक्सी बोलावली. जवळच होती, येतेच आहे असं दिसत होतं. तिघं त्या छोट्या चित्रातल्या गाडीकडे बघत बसले.

"नेमकी तुमची गाडी आज नाही," वहिनी म्हणाल्या.

आणि श्यामकांतच्या तोंडून निघालं, "हो ना."

हे दोन शब्द त्याने का उच्चारले, हे तो पुढे स्वतःला शंभरदा विचारणार होता. दुष्टपणा नव्हता. टॅक्सी येतच होती. गुरुदत्त हसत होता. आणि गाडी मागच्या गल्लीत आहे असं म्हटलं असतं, तर ती लपवली होती हे कळलं असतं, आणि कोणापासून लपवली होती हेही. दर रविवारी त्याच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या माणसाला त्या खुर्चीत, छातीवर हात धरलेला असताना, हे कळलं असतं. श्यामकांतला वाटलं, आज नको. टॅक्सी येऊ दे, उद्या सांगू.

टॅक्सीवाल्याने भाडं रद्द केलं. श्यामकांतने दुसरी बोलावली. तीही आली-आली करत कुठल्याशा कठड्यापाशी थांबून राहिली. गुरुदत्तने बोलणं थांबवलं होतं. मग त्याच्या कपाळावर घाम दिसला, मोठाले थेंब, आणि तो म्हणाला, "विनीता, पंखा वाढव." पंखा पूर्ण वेगावर होता.

श्यामकांत उठला. "मी आलोच," एवढंच म्हणाला आणि जिन्यावरून धावत सुटला. गल्ली, शटर, गाडी. हार काढायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. मंडपापाशी पोरांना ओरडून बांबू बाजूला करायला लावले आणि गाडी समोरच्या इमारतीखाली आणली. हॉर्न ऐकून धावत आलेल्या घोषबाबूंनी आणि त्याने मिळून गुरुदत्तला धरून खाली आणलं आणि मागच्या सीटवर बसवलं. वहिनी शेजारी बसल्या.

बाजूच्या रस्त्यांनी तो हॉर्न दाबत जात होता. मागून गुरुदत्तचा आवाज आला, बारीक झालेला.

"झाली का रे दुरुस्त?"

"हो," श्यामकांत म्हणाला. "आज सकाळीच आली."

आरशात गुरुदत्त समोर बघत होता, काचेपलीकडे, बॉनेटवर, जिथे झेंडूचा हार वाऱ्याने एका बाजूला सरकला होता. बराच वेळ तो तसाच बघत राहिला. मग त्याने सीटवरून हात फिरवला.

"छान आहे गाडी," तो म्हणाला. गाडीबद्दल तो बोललेलं हे पहिलं वाक्य.

दवाखान्याच्या दारात त्याला स्ट्रेचरवर घेतलं. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, श्यामकांतला गाडी लावायला जावं लागलं. तो परत आला तोवर त्याला आत नेलं होतं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झटका मोठा होता, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. श्यामकांतला रडूही आलं नाही. बाहेर ढाक वाजत होते आणि त्याच्या डोक्यात फक्त दोन शब्द फिरत होते.

रात्रीपर्यंत रोहन विमानाने आला. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सगळं शहर देवीला निरोप देत असताना त्यांनी गुरुदत्तला नीमतला घाटावर नेलं. दसऱ्याचं सोनं त्या वर्षी मंडळातल्या कोणी कोणाला दिलं नाही.

मग लोक भेटायला यायला लागले आणि वहिनी प्रत्येकाला सांगू लागल्या, "भाऊजींची गाडी नेमकी त्याच सकाळी दुरुस्त होऊन आली. म्हणून निदान दवाखान्यापर्यंत तरी पोहोचलो." कुसुमताईंनी डोळ्याला पदर लावून श्यामकांतला हात जोडले. "देवानेच बुद्धी दिली हो तुम्हाला गाडी घ्यायची." ज्यांनी जमीन विकली का विचारलं होतं, त्यांनी आता मंडळात उभं राहून श्यामकांतचं नाव घेतलं. घोषबाबू म्हणाले, "गाडी किने भालो कोरेछेन, दादा," घेतलीत ते बरं केलंत. हेवा करणाऱ्या सगळ्यांनी त्याला एका दिवसात माफ करून टाकलं. पूर्वी त्यांच्या प्रश्नांनी त्याला पळवलं होतं, आता त्यांच्या कौतुकाने त्याला पळायलाही जागा ठेवली नाही. तो मान खाली घालून उभा राहायचा आणि लोक म्हणायचे, काय नम्र माणूस आहे.

लीनाचा फोन आला तेव्हा ती रडत होती. आभाला मुलगी झाली होती आणि ती निघू शकत नव्हती. मध्येच थांबून तिने विचारलं, "अहो, गाडी लगेच काढलीत ना?"

"हो," तो म्हणाला.

त्या रात्रीपासून त्याला जेवण जाईना. रविवारी तो पिशवी घेऊन बाजारापर्यंत गेला, टपरीवरचा बाक दिसला आणि तसाच मागे फिरला. वहिनींना सांगायचं असं तो रोज ठरवायचा. त्यांच्या दारापर्यंत जायचा. आत माणसं असत, किंवा त्या पडलेल्या असत, किंवा त्याच त्याला चहा करून देत, आणि चहा पिऊन तो तसाच परत यायचा.

तेराव्यानंतर रोहनने आईला बंगळुरूला न्यायचं ठरवलं. तो सामान घेऊन पुढे गेला. वहिनींना बँकेची दोन कामं उरली होती, म्हणून त्या एक दिवस मागे राहिल्या. त्या निघायच्या दिवशी श्यामकांतने सकाळी गाडी पुसली, पुढे आणून उभी केली आणि वर गेला. वहिनी तयार होत्या. घरातलं सामान झाकून ठेवलेलं, एक बॅग दाराशी.

"चला वहिनी, गाडी आणलीय. विमानतळ काय, इथेच आहे."

"मी टॅक्सी बोलावलीय, भाऊजी."

"अहो, टॅक्सी कशाला? गाडी असताना..."

वहिनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. गुरुदत्त त्या सकाळी बसला होता तीच खुर्ची.

"तुम्ही गाडी लावायला गेलात ना, तेव्हा यांनी माझा हात धरला," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "म्हणाले, अगं, गाडीवर हार आहे, कुंकवाचं स्वस्तिक आहे. बंगाली मिस्त्री नवमीला पूजा करत नाही, त्यांची विश्वकर्मा पूजेला झाली. आणि नवमीला इथे कुठलं वर्कशॉप उघडं असतं? ही पूजा श्यामची आहे. गाडी दुरुस्तीला नव्हतीच, इथेच कुठेतरी होती."

श्यामकांतने दाराची चौकट धरली.

"मी म्हटलं, असं असेल तर मी विचारते त्यांना. तर म्हणाले, नको. त्याला काही विचारू नकोस. लोकांनी त्याला फार विचारलंय. मी विचारलं नाही, पण मीही त्याला सुखाने गाडी वापरू दिली नाही." वहिनींनी बॅगेची चेन ओढली. "हेच त्यांचं शेवटचं बोलणं."

खालून हॉर्न ऐकू आला.

"लोकांना मीच सांगितलं, गाडी त्या सकाळी आली म्हणून. नाहीतर त्यांनी तुम्हाला जगू दिलं नसतं, आणि यांना ते आवडलं नसतं. यांनी विचारू नको म्हटलं, म्हणून मी कधी विचारणार नाही. पण तुमच्या गाडीत मला आता बसवत नाही, भाऊजी. यांच्याइतकं माझं मन मोठं नाही."

इतके दिवस जे सांगायचं होतं ते सगळं सांगून झालेलं होतं, आणि ते त्याने सांगितलेलं नव्हतं. वहिनींनी दिवे घालवले, दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये ठेवली. त्याने खाली वाकून बॅग उचलली आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरू लागला.